माडबेटाचा शब्द

बाकाखाली पाणी साचलेलं दिसलं तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वर बघते तर वादळ वेळेच्या पाच तास आधी येऊन बाकावर बसलं होतं.

वादळांनी आधी आमच्या हवामान केंद्रात येऊन नोंद करायची आणि मग किनाऱ्यावर जायचं, ही पद्धत जुनीच आहे. पण ती चारनंतर येतात, होड्या परतल्यावर. हे सकाळी अकराला आलं. मी दचकले आणि हातातला डबा पडला. वादळाने वाकून तो उचलून दिला. झाकण काही सापडलं नाही.

"लक्षद्वीपपासून उभ्यानं आलंय मी," ते म्हणालं. "लवकर सोडता आलं तर बघा."

ते आमच्या हातात नसतं. इशारा रेडिओवर वाचायचा, मग सातही गावांना फोन लावायचे. गावाच्या होड्या किनाऱ्याला लागल्या की गाव 'ऐकलं' असा शब्द देतं. सात शब्द जमले की वादळ मोकळं. मात्र एखाद्या गावाने फोनच उचलला नाही, तर इशाऱ्यापासून चार तासांनी त्या गावाने ऐकलं असं धरून चालायचं; उचलला, तर शब्द येईपर्यंत थांबायचं. हा नियम कुणी केला ते आमचे केंद्रप्रमुख चोडणकर साहेब यांनाही माहीत नाही. त्यांनी वादळाची नोंद केली, 'आगाऊ आगमन' असा शेरा मारला आणि मला वाचायला बसवलं.

दीडपर्यंत सहा गावांचे शब्द आले. माडबेटाचा फोन वाजत राहिला.

माडबेटाचा फोन तांडेलकाकींच्या घरी असतो. रेडिओवर इशारा ऐकला की त्यांनी टेकाडावरच्या काठीला लाल लुगडं चढवायचं, आणि ते पाहून होड्यांनी वळायचं. त्या दिवशी माडबेटाच्या पाच होड्या बाहेर होत्या. एकोणीस माणसं.

खाडीच्या अलीकडे वाकडी गाव आहे. तिथल्या मच्छीमार सोसायटीचे भिकाजी मयेकर यांना मी पलीकडे जाऊन बघायला सांगितलं. ते तरीच्या होडीने गेले, आले आणि बराच वेळ फोनवर घसाच साफ करत राहिले. काकी घरीच होत्या. मासळीला मीठ लावत होत्या. रेडिओ चालू होता आणि इशारा त्यांनी चार वेळा ऐकला होता.

"मग लुगडं?" मी विचारलं.

"रागावू नका मॅडम. काकी म्हणते, ही पोर 'आकाश निरभ्र राहील' हेसुद्धा रडवेल्या आवाजात वाचते. तिच्या आवाजावर होड्या बोलवायच्या तर रोजच बोलवायला लागतील."

फोन त्या मुद्दामच उचलत नव्हत्या. गेल्या महिन्यात हलक्या सरींसाठी मी त्यांना अकरा वेळा फोन केला होता, हे खरं आहे. मयेकरांनी स्वतः समजावून पाहिलं, तर काकींनी सुनावलं की वाकडीच्या माणसांनी माडबेटाच्या होड्या आत घ्यायला सांगू नये, मागच्या वर्षी सांगितलं तेव्हा मागून स्वतःच जाळी टाकली होती.

माझ्याआधी सव्वीस वर्षं खवणेकर बाई वाचायच्या. भाजीची यादी वाचावी तसा त्या इशारा वाचत, आणि माडबेटासमोरचा समुद्र तेवढ्यात रिकामा होई. मी साहेबांना म्हटलं, तुम्ही वाचा. त्यांचं नाव वाचकांच्या यादीत नव्हतं.

"मी वाचू का?" वादळाने विचारलं.

साहेबांनी नियमावली काढली. ज्याच्याविषयी इशारा आहे त्याने तो वाचू नये, असं स्पष्ट होतं. वादळाने मान हलवली. त्याचा काही आग्रह नव्हता. तीनला चार तास भरतात, तेव्हा निघायचं, एवढंच त्याने सांगितलं, आणि ते त्याच्या हक्काचंच होतं.

मी पाचव्यांदा वाचलं, सहाव्यांदा वाचलं. मध्ये मध्ये फोन लावला. आवाज सावकाश काढायला गेले तर तो जास्तच कापायला लागला. साहेब म्हणाले, पाणी पी. पाणी प्यायले. सातव्यांदा उचकी लागली.

अडीचला नवव्यांदा वाचायला बसले तेव्हा माझ्यात काही उरलं नव्हतं. डबा न खाता तसाच राहिलेला, घसा कोरडा, पाठ धरलेली. एकोणीस माणसं, असं मनाशी म्हणून पाहिलं. तरी छातीत धडधडलं नाही. नुसता कंटाळा आला, समुद्राचा, वाऱ्याचा, ताशी एवढे किलोमीटरचा. मी वाचत गेले. 'मच्छीमारांनी त्वरित परतावे' याच्या आधी मला एक सुस्कारा आला. तो तसाच प्रसारित झाला. साहेबांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

तीनला दहा कमी असताना मी पुन्हा नंबर फिरवला. वादळ उठून उभं राहिलं होतं आणि बाकावरचं आपलं पाणी गोळा करत होतं. रिंग जात होती. सहा, सात, आठ. दाराची कडी आपोआप हलायला लागली होती.

पलीकडे फोन उचलला गेला.

"आज खरंच आहे वाटतं," तांडेलकाकी म्हणाल्या. "कंटाळलेली दिसतेस."

"हो काकी. इथेच आहे, दारात."

"लुगडं चढवलंय. पहिली होडी वळली. पाचवी लागली की शब्द देईन, त्याच्याआधी नाही. तोवर बसव त्याला. आणि फोन ठेवू नको, पण बोलू पण नको. परत घाबरशील."

मी रिसीव्हर कानाला तसाच धरून वादळाला हाताने खूण केली. त्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं, आणि ते परत बसलं.