गुरुजींची शुक्रवारची बाटली

शुक्रवारी दुपारी रंगराव गुरुजींच्या स्वयंपाकघरात फट्‌कन आवाज झाला आणि अंजनाबाईंना वाटलं, कुकर गेला. त्या धावत आल्या तर कुकर जागेवर होता. गुरुजी मात्र कपाटासमोर डोळे गच्च मिटून उभे होते. हातात काचेची बाटली होती, तिचं बूच वर टिनावर आपटून पिठाच्या डब्यामागे जाऊन पडलं होतं, आणि टकलापासून पोटापर्यंत गुरुजी जांभळे झाले होते.

दुसऱ्या दिवशीच्या प्रभुभोजनाचा द्राक्षरस होता तो.

मंगरूळपीरच्या त्या लहानशा अ‍ॅडव्हेंटिस्ट ख्रिस्ती मंडळीत दर तिमाहीला एका शनिवारी प्रभुभोजन असे. बेखमीर भाकर आणि द्राक्षरस. रस ताजाच हवा, त्याला आंबल्याचा वासही चालत नसे. दारू आणि तंबाखू तर सोडाच, मंडळीतली जुनी माणसं चहालाही शिवत नसत. गुरुजी या मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी व्यसनमुक्तीचं काम अंगावर घेतलं होतं. किन्हीराजा म्हणू नका, जऊळका म्हणू नका, जिथे चार माणसं पारावर बसलेली दिसत तिथे ते स्कूटर उभी करून दारूचे तोटे सांगायला लागत.

रस त्यांनी स्वतः काढला होता. अंजनाबाई सांगत होत्या, उकळून फ्रीजमध्ये ठेवा. पण "उकळलं का चव जाते, अन् फ्रीजमधी कांद्याचा वास लागते," असं म्हणून त्यांनी बाटलीला घट्ट बूच मारलं आणि ती कपाटात ठेवून दिली. मे महिना होता. बाटलीने आपलं काम केलं.

"नासला काय?" डोळे चोळत गुरुजींनी विचारलं. तळाशी थोडा रस राहिला होता. त्यांनी चमचाभर तोंडात घातला, विचार केला आणि आणखी एक चमचा घेतला. "जरासा चुरचुरते. पण बरा लागून राह्यला."

अंजनाबाईंनी बाटली नाकाशी नेली आणि झटक्याने दूर केली. "बरा लागते? अहो, दारू झाली याची! ठेवा तो चमचा खाली!"

गुरुजींच्या हातून चमचा पडलाच. ज्या गोष्टीवर ते इतकी वर्षं बोलत आले, तिची चव त्यांना पहिल्यांदाच कळली होती, आणि ती त्यांना बरी लागली होती. ते खुर्चीवर बसले.

पण बसायला वेळ नव्हता. सूर्य बुडाला की शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागणार. मग विकत घेणं नाही, चुलीवर काही चढवणं नाही. गाड्यांवरची द्राक्षं दोन दिवसांपूर्वीच संपून आंबे आले होते.

"इंद्रभानभाऊकडं जा," अंजनाबाई म्हणाल्या. "परवा किराण्यात काळे मनुके घेताना दिसले मले. त्यायनं रस केला असंल."

"तू जाय न."

"मी भाकर करून राह्यली. अन् मी कायले जाऊ? भांडण तुमचं."

इंद्रभान म्हणजे सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा मंडळीतला जुना माणूस. बायको वारलेली, मुलगी नांदेडला दिलेली. कितीतरी वर्षं प्रभुभोजनाचा रस तोच करायचा. मनुके भिजत घालून, उकळून, गाळून. पेटीही तोच वाजवायचा. मागच्या हिवाळ्यात किन्हीराजाच्या मेळाव्यात त्याने एक गाणं धरलं आणि ते काही सोडेना. व्यासपीठावर गुरुजींचं भाषण खोळंबलं होतं. शेवटी गुरुजींनी माईक ओढून घेतला आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "इंद्रभानभाऊ, पुरे आता. लोकं उठून राह्यले." इंद्रभानने पेटीचा भाता बंद केला. त्यानंतर तो मंडळीत दिसला नाही. गुरुजी म्हणत, "यीन न, कुठं जाते." आणि रसाचं काम त्यांनी आपल्या घरी आणलं.

गुरुजींनी तोंडावर पाणी मारलं, सदरा बदलला आणि निघाले. आत बनियन रसाने भिजलेलं होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. डोळ्यांत रस गेल्यामुळे डोळे मिरचीसारखे लाल झाले होते, ते त्यांना दिसायचा प्रश्नच नव्हता. नाकाला वासाची सवय झाली होती. स्कूटरला त्यांनी किका मारल्या, ती नुसती खोकली. तेव्हा ते पायीच निघाले आणि घाईत चौकाच्या अलीकडे त्यांच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला.

मे महिन्यातला डांबरी रस्ता. डावा पाय टेकवला की चटका बसे, म्हणून ते उजव्या पायावर जोर देत, मधेच एक उडी मारत, मधेच सावलीसाठी रस्त्याच्या या कडेचे त्या कडेला जात चालले होते. तुटकी चप्पल हातात होती. चौकात प्रयागबाई भाजी घेऊन बसली होती. तिचा मोठा पोरगा दारूत बुडाला होता. गुरुजींनी त्याला कितीदा तरी घरी जाऊन समजावलं होतं. गुरुजी तोल सावरायला तिच्या पाटीशी थांबले, वांग्यांवर वाकले, आणि वारा तिच्या दिशेने होता.

प्रयागबाईने पदर नाकाला लावला. त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, हातातल्या चपलेकडे पाहिलं. तिचा आवाज रडवेला झाला.

"गुरुजी, तुमी बी?"

"हो, मी बी," गुरुजी धापा टाकत म्हणाले. त्यांना वाटलं, ती उन्हात बाहेर पडण्याबद्दल बोलतेय. "काय करता बाई, येळच तशी आली."

"वहिनीले माहीत हाय?"

"तिनंच त धाडलं."

प्रयागबाईने कपाळावर हात मारून घेतला. गुरुजी तसेच उडी मारत पुढे गेले. शुक्रवारी संध्याकाळच्या आत मंडळीतल्या सगळ्या बाया प्रयागबाईकडूनच भाजी नेत असत.

इंद्रभान दारात बाज टाकून बसला होता. गुरुजींना पाहून तो आधी ताठ झाला, मग उभा राहिला, मग त्याने नाकपुड्या फुगवल्या. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा ताठा वितळला. त्याने पुढे होऊन गुरुजींच्या काखेत हात घातला.

"या, या. हळू. पायरी हाय."

"दिसते मले पायरी."

"हो, दिसते. तरी हळू."

त्याने गुरुजींना बाजेवर बसवलं, पंखा लावला आणि न विचारता पेलाभर लिंबूपाणी आणलं, साखर न घातलेलं. गुरुजींनी तोंड वाकडं करत ते प्यायलं. इतक्या अबोल्यानंतर हा माणूस आपल्याला काखेत धरून बसवतो, पंखा आपल्याकडे वळवतो, पायाला पोळलं म्हणून ओला फडका आणतो, हे पाहून ते गोंधळले.

"इंद्रभानभाऊ, मी रसासाठी आलतो. बाटलीचं बूच उडालं."

"हो, हो. उडालं. उडतेच."

"रसाची दारू झाली होती. मी चमचाभरच घेतली. पाहासाठी."

"चमचाभरच," इंद्रभान मान डोलावत म्हणाला. "सगळ्याइची चमचाभरापासूनच सुरुवात होते, गुरुजी. तुमीच सांगतलं होतं किन्हीराजात."

किन्हीराजाचं नाव निघालं आणि गुरुजींनी नजर वळवली. त्यांना समोर ती पेटी दिसत होती. कोपऱ्यात, चादर घालून ठेवलेली. चादर धुतलेली होती. ते यायला निघाले तेव्हा माफी मागायचं त्यांच्या मनात अजिबात नव्हतं. रस घ्यायचा, पैसे विचारायचे आणि निघायचं, एवढंच होतं. पण त्या धुतलेल्या चादरीवरून त्यांची नजर हटेना.

"त्या दिवशी मी तुमचं गाणं तोडलं," ते म्हणाले. "लोकं उठून राह्यले नव्हते. एकही उठला नव्हता. मलेच भाषण करायची घाई झालती. लई वाईट केलं मी. चार माणसांत तुमची शोभा केली."

इंद्रभानने खाली पाहिलं. मग त्याने गुरुजींच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बोला. मोकळं बोला. पेलेला माणूस खरंच बोलते. शुद्धीवर असते त हे तुमच्या तोंडून निघालं असतं काय?"

"अरे, मी शुद्धीवरच हाव!"

"हो, हो. सगळेच असते."

गुरुजींना आता कुठे उजेड पडला. त्यांनी सदऱ्याची बाही हुंगली, मग बनियन वर ओढून हुंगलं. प्रयागबाईचा पदर आठवला. ते उठायला गेले, डावा पाय पोळलेला, तो टेकवताच कळ आली आणि ते पुन्हा इंद्रभानच्या अंगावर कोलमडले. त्यानंतर काही सांगण्यात अर्थ उरला नव्हता.

"मग यवढे दिवस आले काहून नाही मंडळीत?" त्यांनी शेवटी विचारलं. "गाण्याचाच राग होता न?"

"गाण्याचा राग दोन-तीन हप्ते होता," इंद्रभान म्हणाला. "मंग कोणी बोलवलं काय? मी वाट पाह्यली. रस त मी दर खेपेले करतो. या खेपेले बी केला. म्हटलं, कोणी तरी न्यायले यीन."

मंडळीची पत्रकं घेऊन गुरुजी पार कारंज्यापर्यंत जाऊन आले होते. बसस्थानकामागच्या या गल्लीत यायला बाटलीचं बूच उडावं लागलं.

इंद्रभानने आतून गडद, स्वच्छ रसाची बाटली आणून दाखवली. गुरुजींनी हात पुढे केला तशी त्याने ती पोटाशी धरली.

"नाही. बाटली काही तुमच्या हातात देत नाही. मीच घेऊन येतो उद्या."

शनिवारी सकाळी गुरुजी अंजनाबाईंना म्हणाले, "तू सांग न सगळ्याइले, काय झालं ते."

"मी सांगतलं त म्हणतीन, बायको झाकून राह्यली," अंजनाबाई म्हणाल्या. "जितकं सांगसान तितकं पक्कं होईन. चाला, उशीर होते."

मंडळीत गेल्यावर कोणी काही बोललं नाही, हेच वाईट होतं. एरवी गुरुजींना नमस्कार करून पुढे जाणारी माणसं आज थांबून त्यांचा हात दोन्ही हातांत घेत होती. तीन-चार मंडळ्या मोटारसायकलवर सांभाळणारे तरुण पाळक नरेंद्र त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, वचन आज मी वाचतो. तुम्ही नुसते बसा. आपण सगळे दुर्बळ आहोत." आणि त्यांनी डोळे पुसले. त्या डोळ्यांपुढे गुरुजींना बाटलीची हकिगत सांगवेना. ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. ज्या बाकावर त्यांनी आजवर कितीतरी चुकलेल्या माणसांना बसलेलं पाहिलं होतं, तिथून ही जागा कशी दिसते ते त्यांना पहिल्यांदा कळत होतं.

प्रभुभोजनाआधी या मंडळीत माणसं एकमेकांचे पाय धुतात. प्रभूने शिष्यांचे धुतले, तसे. बाया सभागृहात, पुरुष बाजूच्या खोलीत. घमेली, तांबे, पंचे मांडलेले. कोणी कोणाचे पाय धुवायचे ते ज्याने त्याने ठरवायचं. गुरुजी भिंतीशी उभे होते तोवर इंद्रभान त्यांच्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसला होता. त्याचे गुडघे कुरकुर वाजले.

त्याने गुरुजींचा डावा पाय अलगद उचलून घमेल्यात ठेवला. तळव्याला फोड आला होता. तिथे त्याने बोट लागू दिलं नाही, नुसतं पाणी सोडलं. त्याच्या नखांत सायकलचं ऑईल कायमचं बसलेलं होतं. गुरुजी त्या नखांकडे पाहत राहिले.

"काल बोललो ते खरं होतं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "गाण्याचं. ते मी आज बी म्हणतो. आज त वास नाही न येत?"

इंद्रभानने वर पाहिलं. नाक पुढे करून खरोखरच वास घेतला. "नाही," तो म्हणाला. "ते झालं, गुरुजी. ते मिटलं. हे दुसरं सांगा. सोडसान न?"

घमेल्यांवर वाकलेली सगळी माणसं ऐकत होती आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होती. गुरुजींनी तोंड उघडलं. बूच, टिन, चमचा, चप्पल, सगळं त्यांच्या जिभेवर होतं. खाली बसलेला म्हातारा ओला हात त्यांच्या पावलावर ठेवून वाट पाहत होता.

"सोडलं," गुरुजी म्हणाले.

मग ते खाली बसले आणि त्यांनी इंद्रभानचे पाय धुतले. पंच्याने बोटांच्या बेचक्या पुसताना त्यांना एकदम रडू आलं. खोलीतल्या लोकांनी ते पश्चात्तापाचं धरलं, आणि ते काही चुकले नाहीत.

उपासनेनंतर अंगणात पंगत बसली. वरण, भात, वांग्याची भाजी, सगळं शुक्रवारीच शिजवून ठेवलेलं. इंद्रभान पान घेऊन गुरुजींच्या शेजारीच बसला. त्यांच्या पेल्यातलं पाणीही त्याने आधी हुंगून पाहिलं. अंजनाबाई वाढत आल्या तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "वहिनी, शुक्रवार संध्याकाळ लई जड जाते अशा माणसाले. आता दर शुक्रवारी मी येऊन बसत जाईन गुरुजीपाशी. पेटी बी आणीन. काही हरकत?"

गुरुजींनी बायकोकडे आशेने पाहिलं. बाटली तिने पाहिली होती, चमचा तिने पाहिला होता. तिच्या एका शब्दावर सगळं निस्तरणार होतं.

अंजनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, इंद्रभानच्या पानाकडे पाहिलं. त्याने भात जेमतेम मूठभर घेतला होता, एकटं जेवायची सवय झालेल्या माणसासारखा. त्यांनी त्याच्या पानात पळीभर वरण ओतलं, वर आणखी एक पळी ओतली.

"याच भाऊ," त्या म्हणाल्या. "जेवाच आमच्याकडं. माह्या एकटीच्यानं हे काही आवरत नाहीत."