कागद ओले होऊ देऊ नका

"काका, हे उघडत नाहीये," विमानतळाच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"उघडणारच नाही! जाड प्लॅस्टिक आहे. मशीनमध्ये जाईना, म्हणून वरून इस्त्री फिरवली," प्लॅस्टिकराव अभिमानाने म्हणाले.

त्यांचं खरं नाव आता फक्त पासपोर्टात उरलं होतं आणि पासपोर्ट कायमचा मिटला होता. तीस वर्षं लॅमिनेशनचं दुकान चालवलेल्या या माणसाच्या हाती एकही कागद मोकळा राहत नसे. लग्नाचा दाखला, कुत्र्याचं लसीचं कार्ड, एकदा तर बायकोने केलेली किराणाची यादी, सगळं त्यांनी अमर करून ठेवलं होतं.

लेक दूर समुद्रातल्या बेटावर राहत होती. बाळंतपण पाच दिवसांवर आलेलं आणि जावई बोटीवर नोकरीला. तिने आईबाबांसाठी सूचना पाठवल्या होत्या: सुती कपडे घ्या, टोपी विसरू नका, डासांचं मलम आणा, नळाचं पाणी पिऊ नका, नारळाच्या झाडाखाली बसू नका. आणि शेवटी, हवा फार दमट आहे, कागद ओले होऊ देऊ नका. बाकी सगळं बायकोने बघितलं. शेवटचं मात्र प्लॅस्टिकरावांनी मनावर घेतलं.

"पण काका, तिकडे उतरल्यावर शिक्का कुठे मारतील?"

"वरूनच मारू दे की. पुसताही येतो."

मुलीने साहेबांना बोलावलं. साहेबांनी नखाने कड उचलून बघितली.

"कापला तर फाटेल. फाटला तर बाद. आणि असाही बादच. बाईंचा कुठाय?"

प्लॅस्टिकरावांनी खिशातून दुसरा काढला. तोही तसाच चकाकत होता. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं आहेत," मुलगी हळूच म्हणाली.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. लेकच होती.

"आई, निघालात ना गं? मला फार भीती वाटतेय."

"आलेच बघ," बायको म्हणाली. तिने नवऱ्याकडे बघितलंही नाही.

आयुष्यात पहिल्यांदाच प्लॅस्टिकरावांना प्लॅस्टिकचा राग आला.

"साहेब, माझं सोडा," ते हात जोडून म्हणाले, "हिला तरी जाऊ द्या. पोरगी एकटी आहे हो तिकडे!"

बायकोने शांतपणे पर्स उघडली आणि एक पासपोर्ट काउंटरवर ठेवला. साधा, मळका, पानं फडफडणारा.

"मग मी इस्त्री कशावर फिरवली?"

"माझ्या जुन्यावर. मुदत संपलेल्या. तुम्ही पासपोर्ट मागितलात, तेव्हाच तुमचे डोळे बघितले मी."

"मग माझा का नाही वाचवलास?"

"तो तुमच्याच खिशात होता. तुम्हाला तुमच्यापासून कसं वाचवणार?"

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातही कधी एकटी न गेलेली ती बाई बॅग ओढत आत निघाली. प्लॅस्टिकराव काचेपर्यंत धावले. हातात सूचनांचा कागद होता, अर्थातच लॅमिनेट केलेला. तो द्यायचा राहूनच गेला.

"अगं, सांभाळून! नारळाच्या झाडाखाली बसू नकोस!" ते डोळे पुसत ओरडले.

ती वळली. डोळे तिचेही ओले होते.

"आणि तुम्ही मशीनजवळ बसू नका!"