जरा उन्हात आणा की

दत्तूअण्णांनी नवी कवळी बसवून घेतली, तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी त्यांच्यापुढं आरसा धरला. अण्णांनी आरसा बाजूला सारला, कवळी तोंडातून काढून रुमालावर घेतली आणि तडक दवाखान्याच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर गेले. मागोमाग डॉक्टर, डॉक्टरांच्या मागं कंपाउंडर. भर दुपारी रस्त्याच्या कडेला अण्णा कवळी उलटीसुलटी करून बघत उभे. एक रिक्षावाला थांबला. त्याला वाटलं विकायला काढलीय.

"पांढरा जरा जास्तच मारलाय," बोळक्या तोंडानं अण्णा डॉक्टरांना म्हणाले. "ह्यातलाच एक शेड खालचा दाखवा."

अण्णांचं हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कापडाचं दुकान. आजोबा मिरजेकडून खांद्यावर गठ्ठा घेऊन इकडं आले, ते इथलेच झाले. अण्णा घरी मराठी बोलतात, दुकानात कन्नड, आणि घासाघीस रंगात आली की एकाच वाक्यात दोन्ही. जन्मभर कापड विकून त्यांची एका गोष्टीवर श्रद्धा बसली आहे. ऊन. "ट्यूबलाइटखाली सगळ्याच साड्या नवऱ्या मुलीसारख्या दिसतात रे. जरा उन्हात आणा की, मग बघू." गिऱ्हाईकानं न मागता ते साडी घेऊन फुटपाथवर येतात. उन्हात बघून झालं की निकाल दोनच: "पक्कं" नाहीतर "कच्चं." तिसरा निकाल मी ऐकलेला नाही.

हा निकाल फक्त कापडाला असता तर प्रश्न नव्हता. वांगी, छत्री, गणपतीची मूर्ती, डॉक्टरांनी दिलेला एक्स-रे, सगळं आधी उन्हात. मुलगी बघायला गेले तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर "आत फार कोंदटलंय, अंगणात बसूया की" म्हणून मुलीला बाहेर नेऊन बसवलं. ती मुलगी म्हणजे आमच्या काकू. काकू हे सांगताना अजून चिडतात. "डोळ्यांत ऊन, समोर हे! मी डोळे बारीक करून असं बघितलं, ह्यांना वाटलं लाजली." पुढं त्यांच्या मुलीला, वैजूला स्थळ आलं, तेव्हा होणाऱ्या जावयालाही परसात उभं केलं. जावई पक्का निघाला. फक्त अमेरिकेला निघाला.

आता माझं सांगतो. मी अण्णांचा शेजारी. तारिहाळच्या एका कारखान्यात संगणकावर व्हॉल्व्हची चित्रं काढतो. नव्वद सालानंतर जेव्हा लोक संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढून ठेवत, तेव्हा मी एक कोर्स केला होता, त्यामुळं वीज लागणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल गल्ली माझा सल्ला घेते आणि मी तो देतो. हाच माझा दोष. त्या काळात मीच अण्णांना फॅक्स मशीन घ्यायला लावलं होतं. "अण्णा, इचलकरंजीचा भाव कागदावर छापून तुमच्या हातात!" अण्णांना मशीन आवडलं. पहिलाच कागद त्यांनी सवयीनं उन्हात वाळत घातला. थोड्या दिवसांनी तो माझ्या दारात घेऊन आले. कागद कोरा.

"तुझं मशीन कच्च्या रंगाचं आहे," ते म्हणाले. त्यानंतर माझी ओळख ते "आमचे इंजिनिअर, कच्चे" अशी करून देऊ लागले.

म्हणून एके दिवशी हेच अण्णा माझ्या दारात येऊन "लॅपटॉप घ्यायचाय, चल," म्हणाले, तेव्हा मी चहा अर्धा टाकून उठलो.

कारण साधं होतं. वैजूला तिकडं मुलगी झाली होती, ईशा. आजीआजोबांनी तिला फक्त फोटोत बघितलं होतं. काकूंच्या संधिवातामुळं अमेरिकेचा प्रवास शक्य नव्हता. पोरगी आता खुर्चीला धरून उभी राहत होती, कुठल्याही दिवशी चालेल असं वैजू फोनवर सांगत होती. "अण्णा, कॅमेऱ्याचा लॅपटॉप घ्या, ती चालायच्या आत घ्या. पहिलं पाऊल आईला दिसू दे." कॅमेरा असलेले लॅपटॉप नुकतेच आपल्यासारख्यांच्या आवाक्यात येऊ लागले होते.

"कसला घ्यायचा?" मी विचारलं.

"मधला. मानपानाच्या साडीसारखा. नेसणारीला लाज नको, देणाऱ्याच्या पोटात दुखायला नको."

दुसऱ्याच्या पैशानं लॅपटॉप निवडणं यासारखं सुख नाही. इतरांना क्रिकेटच्या खेळाडूंची माहिती असते तशी मला लॅपटॉपची होती, आणि क्रिकेटप्रमाणंच प्रत्यक्ष खेळायची वेळ कधी आली नव्हती. मी रॅम, हार्डडिस्क, बॅटरी यांचं भाषण देत निघालो. अण्णा बाजूनं "हं, हं" करत होते आणि मला वाटत होतं, ते ऐकतायत.

पहिल्या दुकानाचे मालक शिवानंद अण्णांच्या ओळखीचे. त्यांनी लॅपटॉप पुढं ठेवला. अण्णांनी त्याचं झाकण अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं. उलटा करून पाठ बघितली. मग विचारलं, "पन्हा किती?"

"अं?"

"रुंदी हो, रुंदी."

"साडेपंधरा इंच, अण्णारं," शिवानंद म्हणाले.

अण्णांनी खिशातला टेप काढला. तो त्यांच्या खिशात कायम असतो. आडवा लावला, उभा लावला. साडेपंधरा कुठंच भरेना. तेव्हा मी पुढं झालो आणि टेप कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका धरून दाखवला. "अण्णा, स्क्रीन अशी मोजतात."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, शिवानंदांकडं बघितलं. "तिरकं? तिरकं मोजतात?" त्यांचा आवाज चढला. "अरे, तिरकं मोजून मी कापड दिलं असतं, तर आज दुर्गदबैल माझं असतं की!"

दुकानातली गिऱ्हाईकं हसली. अण्णा हसले नाहीत. त्यांना खरंच धक्का बसला होता. पण लगेच सावरून त्यांनी लॅपटॉप उघडा तसाच दोन्ही हातांवर घेतला, आरतीच्या ताटासारखा, आणि म्हणाले, "जरा उन्हात आणू की."

"ब्याड, अण्णारं, ब्याड!" नको, नको म्हणत शिवानंद टेबलावरून जवळजवळ उडी मारून आले. पण अण्णा रस्त्यावर पोचले होते.

बाहेर हातगाड्या, रिक्षा, डोक्यावर पोती घेतलेले हमाल. सगळं थांबलं. अण्णांनी लॅपटॉप उन्हात धरला आणि स्क्रीन काळी ठिक्कर पडली. त्यात दिसत होते अण्णा, त्यांच्यामागं शहाळीवाला आणि वर विजेची तार.

"अरे, ह्यात मीच दिसायलोय!" अण्णा ओरडले. "नात कुठाय? मला बघायला मी पैसे देऊ?" आणि निकाल दिला: "कच्चं."

मी समजावलं. लॅपटॉपचा पडदा उन्हात असाच दिसतो, जगातले सगळे असेच. अण्णा म्हणाले, जगातली सगळी दुकानं आपण बघितलीत का? हुबळीतली तर बघूया.

ती आम्ही बघितली. दर संध्याकाळी नाही, कारण संध्याकाळी ऊन नसतं. माझ्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी. प्रत्येक दुकानात पाठ बघणं, पन्हा मोजणं, तिरक्यावरून भांडण आणि शेवटी रस्ता. नंतर नंतर दुकानदारांनी एकमेकांना फोन करून ठेवले असावेत, कारण आम्ही कोपऱ्यावर दिसलो की कुणीतरी हळूच दाराशी स्टूल टाकून बसायचा. मला मात्र मजा येऊ लागली होती. आपण एका मोहिमेवर आहोत असं वाटायचं. एकदा मी अण्णांना घेऊन बसनं धारवाडला गेलो. का? तर तिकडं झाडं जास्त, ऊन सौम्य असेल! हे मी इंजिनिअर असून बोललो. धारवाडच्या उन्हात स्क्रीन तितकीच काळी दिसली; फक्त तिच्यात मागं एक छान गुलमोहर होता.

कळस पुढं आहे. मी कुठंतरी वाचलं होतं की नव्या चकचकीत स्क्रीनवर रंग अगदी जिवंत दिसतात. मी तो महागातला मधला लॅपटॉप मोठ्या ऐटीत अण्णांच्या हातात दिला. उन्हात गेल्यावर तो इतका स्वच्छ आरसा निघाला, की अण्णांनी त्यात बघून कपाळावरचं गंध नीट केलं.

इकडं वैजूचा फोन आला. ईशा खुर्ची सोडून उभी राहिली होती. पडली, पण उभी राहिली. आता माझा धीर सुटला.

"अण्णा," रस्त्याच्या मधोमध मी म्हणालो, "कवळी उन्हात बघितलीत, जेवायला घरातच बसता ना? लॅपटॉप घरात टेबलावर राहणार. तुम्ही काय परसात बसून नात बघणार आहात?"

अण्णांनी हातातला लॅपटॉप हळूच बंद केला. "घे," ते म्हणाले. "त्या शिवानंदकडचा पहिला बघितला, तोच घे." घासाघीस केली नाही. दुकानातून बाहेर पडताना मी विजयी होतो आणि अण्णा गिऱ्हाईक परत गेल्यासारखे दिसत होते. मला वाटलं, तिरक्या मापाचं दुःख असेल.

रविवारी सकाळी सगळं जोडून द्यायला गेलो. टेलिफोनवाल्यांनी इंटरनेटची वायर दिवाणखान्यात आणून दिली होती. अण्णांनी टेबलावर इस्त्रीचं कापड पसरलं होतं, लॅपटॉपला हळदकुंकू लावलं होतं. वैजू तिकडून तयार होती. त्यांच्याकडं संध्याकाळ, ईशाची झोपायची वेळ जवळ आलेली.

"काकूंना बोलवा," मी म्हणालो.

अण्णा हलले नाहीत. "ती आत्ता येत नाही."

"का?"

"ये," म्हणून त्यांनी मला मागच्या दारी नेलं. परसात भिंतीला टेकून काकूंची बाज होती आणि काकू उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. हे मी रोजच गच्चीतून बघत आलो होतो. मला वाटायचं, त्यांना आवडतं.

"सकाळी हिचे सांधे धरलेले असतात," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "ह्या उन्हात जरा सुटतात. मधेच उठवलं की कळ येते, मग दिवसभर झोपून. संध्याकाळी गोळी घेतली की हिला शुद्ध नसते. पोर जागी असते ती आपल्या सकाळी." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "म्हणून म्हटलो होतो, उन्हात दिसणारं बघूया."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत, अण्णा?"

"दुकानात उभं राहून बायकोचं दुखणं सांगायचं असतं काय रे?"

मी एकदम कामाला लागलो. लांब वायर आणली, खिडकीतून ओढून परसात नेली. लॅपटॉप काकूंच्या पुढ्यात स्टुलावर ठेवला. छत्री धरली: छत्रीखालून ऊन आलं. पुठ्ठ्याचं खोकं कापून स्क्रीनवर बसवलं: ते वाऱ्यानं तुळशीत गेलं. लॅपटॉपमधून वैजूचा आवाज येत होता, "आई, दिसतेय का? आई, बघ, ती खुर्ची सोडतेय!" काकू डोळे बारीक करून स्क्रीनमध्ये स्वतःलाच बघत होत्या. "मीच दिसतेय बाई," त्या म्हणाल्या, "आणि फार म्हातारी दिसतेय."

"थांब, थांबव तिला!" अण्णा ओरडले आणि घरात धावले. ह्या वयात धावताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. आले ते खांद्यावर काळ्या कापडाचं ठाण घेऊन. धारवाडच्या वकिलांच्या कोटांसाठी घरी आणून ठेवलेलं, दुकानातलं सगळ्यात भारी कापड. त्यांनी ते सरसर उलगडलं, कात्री लावली आणि टरकन फाडलं. टेप खिशात होता. तो त्यांनी काढलाच नाही.

ते कापड त्यांनी काकूंवर घातलं, लॅपटॉपवर घातलं, मग वाकून स्वतःच आत शिरले. भर उन्हात परसात एक काळा ढीग हलत राहिला. पलीकडच्या भिंतीवरून शेजारीण डोकावली. "अण्णा कुठं गेले हो?" मी ढिगाकडं बोट दाखवलं.

मग आतून काकूंचा आवाज. "दिसली! अहो, दिसली! नाक बघा तिचं!"

"माझं आहे ते."

"तुमचं? असं असतं तर अंगणातूनच परत पाठवलं असतं मी तुम्हाला."

"गप्प बस, सोडली तिनं खुर्ची. ये, ये, ये गं, इकडं ये…"

लॅपटॉपमधून "चालली, चालली!" म्हणत वैजूचं हसणं आलं, टाळ्या आल्या.

"जन्मभर उन्हात उभी केलीत मला," आतून काकू म्हणाल्या. "आज कुठं सावलीत घेतलंत."

कापडाच्या कडेखालून अण्णांचा हात बाहेर आला. त्यानं चाचपडत काकूंचे गुडघे शोधले, त्यांच्यावर आलेलं कापड बाजूला सारलं आणि तिथं पुन्हा ऊन पडलंय ना, हे तळव्यानं बघून तो आत गेला.