कूलरवाल्याचं एकच गिऱ्हाईक

"बाबा नांदगावहून निघाले," प्रणाली फोनवर म्हणाली. "बाकी काही बोलले नाईत. फक्त म्हणे, 'जवायाले दुकानातच थांबाले सांग.'"

ललितच्या हातातली वाळ्याची ताटी खाली पडली. अकोल्याच्या मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत होती आणि हा गडी जागच्या जागी गार पडला.

झालं होतं असं. ललितनं कूलरच्या दुकानाची वेबसाइट काढली आणि तिच्यावर लिहिलं, 'आमचे येथे उत्तम प्रतीचे कूलर योग्य दरात मिळतील.' कुत्रंही फिरकलं नाही. मग त्यानं अमरावतीच्या आचल मॅडमचा ऑनलाइन वर्ग लावला. मॅडम म्हणाल्या, "साऱ्या जगासाठी लिहू नका. एकच गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्याशी बोलल्यासारखं लिहा."

ललितनं डोळे मिटले, तर समोर नेमके सासरे उभे. नत्थुजींचा जुना नेम, लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. येताना पाण्याची कॅन आणि दशम्या सोबत आणत. पण उन्हाळ्यात आले की कूलरपुढची खाट आठवडाभर सोडत नसत. ललितनं बोटं मोडली आणि एका दमात लिहून टाकलं:

'काका, तुम्ही लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. मग तिच्या कूलरची हवा कशी चालते? स्वतःच्या घरी कूलर न्या. जावई दुवा देईल.'

त्या मजकुराचा फोटो गावोगाव फिरला. दुकानात पाय ठेवायला जागा उरेना. मग एक दिवस तो फोटो सोयऱ्यांच्या ग्रुपवर येऊन पडला.

पहिला फोन वरूडहून, प्रणालीच्या मामांचा. "मी माह्या पोरीकडे, शकुनकडे राहून आलो, हे तुमाले कोनं सांगतलं?"

"मामाजी, ते तुमच्यावर नाही."

"मंग कोनावर हाय?"

आता काय सांगणार, कपाळ?

"समजलं. एक कूलर पाठवून द्या," म्हणून मामांनी फोन आपटला.

मामांचं एक वेळ ठीक होतं. नत्थुजी रुसले की रुसले. लग्नातल्या एका फेट्यावरून थोरल्या जावयाशी बिनसलं, तर थोरल्या लेकीला माहेरचा उंबरठा बंद झाला. प्रणालीनं बजावूनच ठेवलं होतं, "माह्यं माहेर तुटलं तर पाहा. मंग त्या कूलरपुढं तुमी एकटेच झोपजा."

दुपारी नत्थुजी आले. खुर्चीत बसले, मोबाइल गल्ल्यावर पालथा ठेवला, टोपीनं घाम पुसला आणि तो मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवला. एक शब्द चुकला नाही.

"हे तुमीच लिहिलं?"

"हो बाबाजी. चूक झाली. आत्ता काढून टाकतो."

"काढू नका. येवढं सांगा, कोनावर लिहिलं?"

ललित गल्ल्यावरची बिलं सारखी करू लागला.

"म्या ओळखलं," नत्थुजी म्हणाले. "आमच्या देवमन इवायावर, तुमच्या बाबावर. ते वलगाव सोडून तुमच्या बहिनीच्या, पौर्णिमाच्या घरी अमरावतीले पडून राह्यते न? खरं सांगा."

ललितच्या बापानं त्याचं काहीही वाकडं केलेलं नव्हतं. पण समोर प्रणालीचं माहेर खुर्चीत बसलं होतं.

"होय बाबाजी," तो म्हणाला. "त्यांच्यावरच."

नत्थुजींनी मोबाइल सुलटा केला. फोन चालूच होता. "आयकलं का इवाई? काल तुमी म्हनत होते, ते माह्यावर हाय. आता तुमचं पोरगंच बोललं."

पलीकडून देवमनचा आवाज आला, अगदी शांत. "आयकलं. ललित, आता लेकीच्या घरी कायले जाऊ बापा? लोक वाचून राहिले. तुह्या मायले घेऊन तुह्याचकडे येतो. पोराच्या घरी तं पानीबी चालते. पाऊस लागेपावतर राहू."

ललित मोबाइलकडे झेपावला, पण तो नत्थुजींनी आधीच उचलला.

"या, या," नत्थुजी मोबाइलमध्ये म्हणाले आणि जावयाकडे वळले. "मीबी तवरिक थांबतोच. कूलरपुढं दोन खाटा मावते न?"