बिनलेबलाचे चार टायर

तपासनीसांनी चार दुकानांची चार पत्रकं जेवणाच्या टेबलावर पसरली होती. ताटं मांडायला जागाच उरली नव्हती, म्हणून बायको दोन्ही हातांत ताटं धरून उभी होती.

"अहो, टायर निवडताय की जावई?"

"जावई एक वेळ बदलता येईल," तपासनीस मान वर न करता म्हणाले. "डोंगरात फुटलेला टायर बदलायला कोण येणार आहे?"

पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, समोर आलेल्या वस्तूत खोट शोधायचं. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, खोट काढणं काही सुटलं नाही. भाजी ते उजेडात धरून बघत, औषधाच्या गोळ्या दुकानातच मोजून घेत आणि शेजारी आपणहून हसून बोलला तर याला आता काय हवं असेल, या विचारात दुपारची झोप घालवत. 'तपासनीस' हे नाव कारखान्यानं दिलं होतं, ते गल्लीनं पुढं चालू ठेवलं.

या वेळी मात्र मामला खरोखर गंभीर होता. लेक गुरांची डॉक्टर झाली होती आणि पहिलीच नेमणूक डोंगरातल्या दवाखान्यात झाली होती. सोमवारी सकाळी हजर व्हायचं. शेवटच्या बावीस किलोमीटरला रस्ता म्हणणं म्हणजे रस्त्याचा अपमान. दगड, चिखल आणि एका अंगाला दरी. तपासनीसांनी आपली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप तिला द्यायचं ठरवलं. जीप दणकट होती, पण टायर झिजून गुळगुळीत झाले होते. लेकीनं आधीच सांगून टाकलं होतं, "बाबा, रविवारी सकाळी गाडी तयार असेल तर नेते. नाहीतर बसनं जाईन. तिथं दवाखान्याची मोटरसायकल आहेच." तेव्हापासून ती मोटरसायकल आणि ती दरी तपासनीसांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

पहिला दुकानदार फार बोलला, म्हणजे काहीतरी लपवत होता. दुसरा काहीच बोलला नाही, म्हणजे तोही लपवत होता. तिसऱ्यानं चहा मागवला, तेव्हा तर तपासनीस कपाला हात न लावता उठले. शुक्रवारी दुपारी ते चौथ्या दुकानात पोचले. तिथला टायरवाला जाडजूड, शांत माणूस होता. त्यानं आधी एकच विचारलं, "गाडी डांबरावर किती चालणार आणि कच्च्यावर किती?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"टायर तुम्हाला द्यायचाय म्हणून," टायरवाला म्हणाला. "निम्मं निम्मं असेल तर हे ऑल-टेरेन घ्या. ते पलीकडचे मोठ्या खाचांचे आहेत, ते निव्वळ चिखलासाठी. डांबरावर घोंघावतील, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला तरी गाडी लवकर थांबायची नाही. वर महागही आहेत."

"म्हणजे तुम्ही स्वतःच सांगताय, महाग घेऊ नका?"

"नका घेऊ."

तपासनीस चपापले. महागाचा माल नको म्हणणारा दुकानदार त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. कुठंतरी पाणी मुरत होतं, पण नेमकं कुठं ते कळेना. शेवटी त्यांनी ऑल-टेरेनचे बारा टायर बाहेर काढायला लावले आणि बाह्या सरसावल्या. प्रत्येकाच्या कडेवर छापलेला तयार झाल्याचा आठवडा वाचला. बोटाच्या पेरानं टिचक्या मारून कान लावला. वास घेतला. खाचांत नाणं उभं करून खोली बघितली. दोन तासांनी आठ नापास झाले आणि चार पास.

"उद्या सकाळी मिस्त्री बसवून देईल," टायरवाला म्हणाला. "गाडी इथंच ठेवून जा."

उद्या? तपासनीसांच्या डोक्यात घंटा वाजली. पुढं दाखवायचा एक माल आणि मागं बसवायचा दुसरा, हा खेळ त्यांनी कारखान्यात शंभरदा पकडला होता. टायरवाला फोनवर बोलायला वळला तेवढ्यात त्यांनी आपल्या चारही टायरांवरची कागदी लेबलं हळूच सोलून खिशात घातली. आता बिनलेबलाचे ते आपले. टायर बदलला की चोर सापडलाच. घरी जाताना त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

शनिवारी ते अकराला पोचले. जीप अंगणात उभी होती, चारही टायर नवे कोरे, आणि प्रत्येकावर कोरं करकरीत लेबल. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. तपासनीसांच्या पायाखालची जमीन सरकली.

"हे टायर माझे नाहीत," ते म्हणाले.

किरकोळ अंगाचा, तोंडानं फटकळ मिस्त्री पाना पुसत पुढं आला. "गाडी तुमचीच ना?"

"गाडी माझी आहे. टायर बदललेत तुम्ही. हा घ्या पुरावा." त्यांनी खिशातून चार लेबलं काढून त्याच्या नाकासमोर धरली.

मिस्त्रीनं लेबलांकडे पाहिलं, मग तपासनीसांकडे. "म्हणजे ते बिनलेबलाचे चार तुम्ही केलेत होय? अहो साहेब, लेबल नसलेला टायर मी नवा म्हणून कुणाच्या गाडीला लावत नाही. वापरून परत आलेलाही असू शकतो. तसला दिसला की सरळ कंपनीकडं. सकाळी नऊच्या टेम्पोत चढवले."

"आणि हे कुठले?"

"काल संध्याकाळी नवा माल आला, त्यातले. तेच माप, तीच नक्षी."

"निवडले कुणी?"

"निवडायचंय काय त्यात? वरचे चार घेतले."

वरचे चार! आपण दोन तास खपून निवडलेले टायर टेम्पोत, आणि लेक दरीच्या कडेनं जाणार वरच्या चारांवर. तपासनीसांचा आवाज चढला. टेम्पोवाला, मिस्त्री आणि टायरवाला तिघं मिळालेले आहेत, लेबलाचा नियम आत्ता पाच मिनिटांपूर्वी रचलाय आणि मिस्त्री तर चेहऱ्यावरूनच लबाड दिसतो, असं सगळं ते बोलून बसले. मिस्त्रीनं पाना खाली ठेवला आणि टायरवाल्याला हाक मारली.

टायरवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. "तुमचेच हवे असतील तर परत मागवतो साहेब. मंगळवारी येतील."

एवढ्यात बायकोनं पाठवलेली लेक स्कूटरवरून येऊन थडकली. दोन मिनिटांत तिला प्रकार कळला. "मंगळवार? मग राहू द्या बाबा. मी बसनं जाते. मोटरसायकल आहेच तिथं."

तपासनीस टॉर्च घेऊन जीपखाली शिरले. तासाभरानं बाहेर आले तेव्हा कपडे काळे झाले होते आणि चेहरा त्याहून काळवंडला होता. एकही खोट सापडली नव्हती. इतकं निर्दोष काही असूच शकत नाही, अशी त्यांची खात्री होती. पण ती मोटरसायकल आठवली आणि त्यांनी किल्ली लेकीच्या हातात दिली.

रविवारी लेक निघाली. पहिला फोन वीस मिनिटांनी गेला.

"टायर गरम वाटतायत का गं?"

"बाबा, मी अजून गावातच आहे."

सातवा फोन चढाच्या पायथ्याशी लागला. "जरा खाली उतरून बघून घे."

"बघितले बाबा. चारही गोल आहेत."

ती सुखरूप पोचली, तरी तपासनीसांना चार दिवस अन्न गोड लागलं नाही.

गुरुवारी दारात टायरवाला उभा. हातात कंपनीचं पत्र. तपासनीस सावध झाले, पण टायरवाल्यानं त्यांचे दोन्ही हातच धरले. "साहेब, त्या परत पाठवलेल्या टायरांना लेबल नव्हतं, म्हणून कंपनीला संशय आला. त्यांनी आतून कापून तपासले. चारही खराब निघाले. आतल्या थरात हवा राहिली होती. दगडावर आपटले असते तर फुटलेच असते. आम्ही रोज एवढे टायर हाताळतो, आम्हाला दिसलं नाही. तुम्ही बरोबर तेच चार हेरून लेबलं काढलीत, आणि वर तेच हवेत म्हणून भांडलात ते आमची परीक्षा घ्यायला, आता कळलं. कसं ओळखलंत?"

तपासनीसांना आपली ती तपासणी आठवली. टिचक्या, वास, नाणं. बारांतून हेच चार त्यांनी स्वतःच्या हातानं पास केले होते, आणि तेही स्वतःच्या लेकीसाठी. त्यांनी पत्र घेऊन दोनदा वाचलं.

"एकतीस वर्षांची नजर आहे ती," आतून बायको म्हणाली. संसारात पहिल्यांदाच तिच्या आवाजात अभिमान होता. तिनं लगेच लेकीला फोन लावून सगळं सांगितलं, आणि लेक स्पीकरवरून म्हणाली, "बाबा, तुमच्या संशयाला यापुढं मी कधीच हसणार नाही."

"माझ्या पोरालाही नवी गाडी घ्यायचीय," टायरवाला अजिजीनं म्हणाला. "तिचे टायर तुम्हीच पास करून द्या."

"मी नको," तपासनीस घाईनं म्हणाले. "तुमचा तो मिस्त्री आहे ना, त्याला सांगा. वरचे चार घेऊ दे त्याला. माणूस एकदम चोख आहे, डोळे मिटून विश्वास ठेवा. आणि मी त्याला भेटायला येतोय, असंही सांगा."

टायरवाला गेल्यावर बायको हातातला फोन ठेवून बाहेर आली. नवऱ्याच्या कपाळाला हात लावून तिनं ताप बघितला. ताप नव्हता. मग तिनं त्याच्याकडे डोळे बारीक करून नीट पाहिलं आणि दार लावून घेत विचारलं, "खरं सांगा, काय लपवताय?"