अर्ध्या गोळीचा कारभार

काकूंच्या रक्ताचा रिपोर्ट काकांच्या मोबाइलवर आला. टीएसएच नऊ पूर्णांक आठ, मर्यादा साडेचारची, आणि आकड्याशेजारी वर जाणारा बाण.

"वाढलंय," काका म्हणाले.

"काय?"

"थायरॉइड. दुपटीच्या वर!"

आता काका म्हणजे कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस. काटा लाल रेघेपलीकडे गेला की इंधन कमी करायचं, हे त्यांना झोपेतही कळे. काकूंची थायरॉइडची रोजची गोळी म्हणजे इंधन. ते रोज पोटात जातंय म्हणून काटा चढलाय, हे त्यांच्या मते उघडच होतं. डॉक्टरीणबाई नेमक्या रजेवर होत्या. काकांनी ब्लेड घेतलं आणि गोळीचे दोन तुकडे केले.

"अहो, निदान विचारा तरी कुणाला!"

"विचारायचं काय त्यात? आकडा समोर आहे."

"मी बाई आहे, बॉयलर नाही," काकू फणकारल्या. पण त्या दिवसांत भांडायचंही जिवावर येई, म्हणून त्यांनी तुकडा गिळून टाकला.

महिनाभरात घरात कमालीची शांतता झाली. खुर्चीवरच्या ओल्या टॉवेलवरून तीन घरांपलीकडे ऐकू जाईल असं बोलणाऱ्या काकू आता टॉवेलकडे बघतही नसत. "पारा उतरला बरं का," काका शेजाऱ्याला ऐटीत सांगून आले. मग एका दुपारी काकांच्या हातून दुधाचं भांडं जळून कोळसा झालं. काकू आल्या. भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर, चेहरा सुजल्यासारखा. भांड्याकडे बघून म्हणाल्या, "असू दे," आणि जाऊन पडल्या.

दुसऱ्याच दिवशी काकांनी काकूंचं रक्त पुन्हा तपासून घेतलं. आकडा सव्वीस!

डॉक्टरीणबाई आता परतल्या होत्या. दोन्ही रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, "काका, गोळी चालू आहे ना?"

"आकडा वाढला म्हणून निम्मी केली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, हा आकडा थायरॉइडचा नव्हेच. गळ्यातली ग्रंथी काम करेना की मेंदूतली ग्रंथी तिला हाका मारते. त्या हाका म्हणजे टीएसएच. आकडा वाढला म्हणजे औषध कमी पडतंय. वाढवायचं सोडून तुम्ही ते तोडलंत!"

डोस त्यांनी ठरवून दिला. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभरानं, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. "आणि ब्लेड दाढीपुरतं ठेवा."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "चुकलो गं. बोल ना मला काहीतरी."

"काय बोलायचं?" काकू म्हणाल्या आणि रिक्षा शोधू लागल्या.

एवढा मोठा गुन्हा आणि एक शब्द नाही! काकांना रात्रीचं जेवण गेलं नाही. आपली बायको आपण आपल्या हातानं विझवली, असं त्यांना वाटत राहिलं. मग रोज सकाळी घड्याळ, पाण्याचा पेला आणि काका असे तिघं काकूंच्या उशाशी हजर. तास भरेपर्यंत स्वतःही चहाला शिवत नसत. चौथ्या आठवड्यात स्वेटर उतरला. पाचव्यात काकू भाजीवाल्याशी भांडून आल्या, तेव्हा काकांनी त्याचे जाऊन आभार मानले.

सहाव्या आठवड्यात, तपासणीच्या आदल्या दिवशी, स्वयंपाकघरातून हाक आली.

"अहो! इकडे या आधी! माझी गोळी तोडताना कुणाला विचारलंत? स्वतःचे मोजे सापडत नाहीत आणि निघाले माझा डोस ठरवायला!"

काका धावत आले आणि स्टूल ओढून समोर बसले. कान तृप्त होत होते.

"हसता काय? मला वाटलं, संपलं आपलं. नावं आठवेनात, जिना चढवेना. कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या. माझ्यामागं तुम्हाला साखर कुठली न् मीठ कुठलं, ते तरी कळावं!"

काकांनी वर फळीकडे पाहिलं. ओळीनं डबे, प्रत्येकावर थरथरत्या अक्षरातली चिठ्ठी. ज्या दिवसांत ते शांततेची शेखी मिरवत होते, त्याच दिवसांतली.

"आता तुम्हाला काय झालं? दातखीळ बसली का?"

काकांनी स्टूल आणखी पुढे ओढलं.

"तू बोल," ते कसंबसं म्हणाले. "थांबू नकोस."