चित्र कसं हाय?

आबा सिग्नल रस्त्यात भेटले की रामराम करत नसत. "चित्र कसं हाय?" असं विचारत. लग्नाच्या मांडवात विचारत, दवाखान्याच्या रांगेत विचारत. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीला पोचवून माणसं परत येत होती, तेव्हा तिच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी हेच विचारलं. मुलगा रडत होता. रडतरडतच म्हणाला, "सात नंबरला मुंग्या येत्यात, आबा." आबा तिथूनच वळले. आम्ही घरी पोचून पाय धुतो तोवर ते त्याच्या गच्चीवर होते.

टीव्हीवर चित्राऐवजी काळेपांढरे ठिपके वळवळायला लागले की आमच्याकडं मुंग्या आल्या म्हणतात. आणि आबांचं सगळं आयुष्य त्या मुंग्यांच्या मागं धावण्यात चाललं होतं. रहिमतपूर आणि वडूजच्या मधल्या आमच्या लहानशा गावात केबल त्यांनी आणली. वीस वर्षं फौजेत बिनतारी संदेशाच्या खात्यात काढून आले, पेन्शनीतून गच्चीवर मोठी छत्री लावली आणि घरोघर काळी वायर ओढली. लोकांनी त्यांचं आडनाव काढून टाकलं आणि सिग्नल जोडलं.

माझी गच्ची त्यांच्या गच्चीला लागून. मी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क, सकाळी माझी घाई. ओले केस घेऊन गच्चीवर जावं तर कठड्यावरून खांद्यावर वायरचं वेटोळं घेतलेला माणूस उतरतोय. मी एकदा स्पष्ट सांगितलं, "आबा, दारातून या. नाही तर आधी आवाज द्या." दुसऱ्या दिवसापासून ते शिट्टी वाजवायला लागले, कवायतीची. पहाटे सहाला. मग मीच म्हणाले, राहू दे, नुसतेच या.

बसणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. चहा उभ्यानं, तोही अर्धा. कप हातात घेऊनच पुढच्या गच्चीवर जायचे आणि मिळेल त्या कठड्यावर ठेवायचे. आठवड्यातून एकदा मी माझे कप गोळा करायला निघायची. एक बाजारगल्लीत, एक पोस्टाच्या वर, एक पाण्याच्या टाकीपाशी सापडायचा.

इथपर्यंत गावाची काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती थेट प्रक्षेपणापासून.

आबांनी सांगलीच्या एका फोटो स्टुडिओतून लग्नं काढून काढून दमलेला व्हिडिओ कॅमेरा आणला आणि कॉलेजच्या मैदानापासून आपल्या खोलीपर्यंत वायर टाकली. त्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आला: 'मैदानावर एक टेबल, एक प्लग व पिण्याच्या पाण्याची एक घागर मिळावी. गावास थेट चित्र पोहोचवले जाईल.' प्राचार्यांना वाटलं, क्रिकेट दाखवतील. आबांनी मुलींचा खोखो दाखवला. पुढच्या वेळी कबड्डी असेल असं मुलांना वाटलं. पुन्हा मुलींचा खोखोच. क्रिकेटला ते कॅमेरा पिशवीतून काढतही नसत.

बरं, खोखोतलं काही कळत असतं तर गोष्ट वेगळी. पळणारी डावीकडं वळली की कॅमेरा उजवीकडं जायचा. तो परत यायच्या आत ती बाद झालेली असायची. वायर लांबची, त्यामुळं एकाची दोन चित्रं दिसायची. वर कॉमेंट्री त्यांचीच, बिनतारीवर बोलावं तशी तुटक. "एक मुलगी उठली. दुसरी पळाली. पंचांनी शिट्टी मारली. कारण समजलं न्हाई." पुन्हा शिट्टी. "कारण समजलं न्हाई." गावातल्या लहान पोरांना हे तोंडपाठ झालं. आमच्या ऑफिसातसुद्धा साहेबांनी रजा नाकारली की शिपाई म्हणायचा, कारण समजलं न्हाई.

चित्र कुठं कसं पोचतंय हे मैदानावरून कळावं म्हणून त्यांनी एक फौजी युक्ती काढली आणि ती केबलवरूनच जाहीर केली. चित्र स्वच्छ असेल तर गच्चीवर पांढरं कापड, मुंग्या असतील तर लाल. सामन्याच्या दिवशी सगळं गाव टॉवेल आणि परकर लावून बसलेलं. आबा लाल दिसलं की कॅमेरा तसाच सोडून पळायचे. तोवर गावाला दहा मिनिटं नुसतं टेबल आणि घागर दिसायची. एकदा आमच्या कमलवहिनींनी लाल साडी वाळत घातली, तर आबा तीन वेळा त्यांच्या घरी. तिसऱ्यांदा वहिनी म्हणाल्या, "आवं आबा, धुणं हाय ते! का आता साडीबी तुमास्नी इचारून नेसू?"

त्याच कमलवहिनी पुढं शिष्टमंडळ घेऊन आल्या. आबांच्या मशीनवर आठच चॅनेल बसायचे, त्यामुळं सामना असला की दुपारचा पिक्चर बंद. त्यात महिन्याचे साठाचे सत्तर झाले होते.

"आबा, आमी पैसं पिच्चरचं देतो," वहिनी म्हणाल्या. "पोरी पळत्यात त्या बघायच्या तर मैदान काय पुण्यात हाय व्हय?"

"मैदानावर कितीजण येत्यात, वैनी? बायामाणसांस्नी कुठं जमतंय यायला?"

"आन घरात बसून तरी काय दिसतंय? एकीचं त्वांड दिसंना. नुसत्या पाठीवरच्या येण्या पळत्यात!"

बाजारगल्लीच्या लोकांनी सरळ सांगितलं. विभागीय खोखो सामन्यांचा अंतिम सामना पंधरवड्यावर आलाय. त्या दिवशी पुन्हा पिक्चर गेला आणि पुन्हा मुंग्या आल्या, तर शेजारच्या गावचा केबलवाला यायला तयार आहे, आम्ही त्याची वायर घेणार. आबांनी मान हलवली आणि कुणाला काही कळायच्या आत कठड्यावरून गेले.

मी हिशेबी बाई. संध्याकाळी त्यांना गाठून विचारलं, दहा रुपये वाढवले कशाला?

"बूस्टर घेतलं तीन. सिग्नल लांब जाताना दमतो, वैनी. दर टप्प्याला त्याला ढकलावं लागतं."

"तीन? कुठल्या भागात?"

"वड्यापलीकडं."

ओढ्यापलीकडं एकच घर आहे, मळ्यातलं. मी म्हटलं, "एका घरासाठी तीन बूस्टर? हा खर्च कधी भरून निघायचा?"

"निघत न्हाई," आबा म्हणाले आणि अर्धा चहा ठेवून चालू लागले.

मळ्यातलं घर त्यांच्या मेव्हण्याचं. आबांची बायको, शालन, तिथं राहते. आबा फौजेतून कायमचे परत आले आणि तीन महिन्यांत ती भावाकडं गेली. भांडण कुणी ऐकलं नाही. मूलबाळ नव्हतं. विचारलं की दोन्हीकडून एकच उत्तर, जमलं न्हाई. गावानं चार वर्षं त्यावर डोकं चालवलं आणि सोडून दिलं. मेव्हण्यानं पिक्चरसाठी कनेक्शन मागितलं तेव्हा आबांनी वायर बांधापर्यंत नेली. पुढची आत न्यायला वायरमन पाठवला.

अंतिम सामन्याच्या आधीच्या शुक्रवारी आबा माझ्याकडं दारातून आले आणि खुर्चीत बसले. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "कोण गेलं?"

"कोण न्हाई. वैनी, तुमी शनवारी मळ्यात घेवडा आणाया जाता न्हवं?"

"जाते."

"तितं जरा इचाराल का," ते आपल्या पक्कडीकडं बघत म्हणाले, "चित्र कसं हाय म्हणून?"

"सगळ्या गावाला तुम्ही तोंडानं विचारता."

"तितं मला न्हाई इचारता येत."

शनिवारी मी गेले. शालन अंगणात घेवड्याच्या शेंगा निवडत होती. पंचेचाळिशीची, काटक, पायाचे पंजे अजून पोरीसारखे चपळ. मी इकडचं तिकडचं बोलत बसले नाही. म्हटलं, "शालन, आबांनी विचारलंय, चित्र कसं आहे?"

तिनं शेंगा निवडणं थांबवलं नाही. "दोन दिसायचं आदी. आता येकच दिसतंय. पण मेल्या माणसाला खो कळत न्हाई." आणि एकदम आबांचा आवाज काढून म्हणाली, "कारण समजलं न्हाई!" दोघीही हसलो.

"तुला कळतो?"

"मला?" तिनं टोपलीतून आठ शेंगा घेतल्या आणि मातीवर ओळीनं ठेवल्या, एकीचं टोक इकडं, दुसरीचं तिकडं. दोन्ही टोकांना दोन मिरच्या उभ्या खोचल्या. "ह्ये खांब. ह्या खांबाशी मला कुणी गाठलं न्हाई कवा. आकरावीत हुते. लगीन झाल्यालं, ह्ये पलटणीत. जिल्ह्याच्या संगात नाव निघालं माजं. मी पत्र घातलं, जाऊ का म्हणून. पत्राला पत्र न्हाई आलं, तार आली. 'खेळणे बंद.' दोनच शब्द."

"आणि तू बंद केलंस."

"केलं की. पंधरा वर्सं सासूपाशी काढली. ह्ये सुट्टीला यायचं आन जायाचं. मग कायमचं घरी आलं, रोज समूर बसाया लागलं, आन मला काय बोलावं ते सुचंना. त्यास्नीबी सुचंना. तारंनं केल्याला संसार, बाई. समूर आल्यावर मुक्काच." तिनं एक मिरची सरळ केली. "भांडण न्हाई काय. आले निघून."

मी घेवडा तोलून घेतला. पैसे दिले. निघताना विचारलं, "मग काय सांगू?"

"चित्र चांगलं हाय म्हणावं. दावायची रीत वाईट हाय." मग ती मातीतल्या शेंगांवर वाकली. "कॅमेरा ह्या अंगाला टेबलाशी ठिवत्यात, तितनं बसलेल्या पोरीच दिसत्यात. खांबाच्या मागं लावा म्हणावं, बाकावर बाक टाकून, उंच. मदली पट्टी समूर सरळ. मग दोनी अंगाची पळती दिसती. आन गरागरा फिरवू नका. ठिवला तितं ठिवा." त्या आठ शेंगा उचलून तिनं माझ्या पिशवीत टाकल्या. "ऱ्हावू द्या. जास्तीच्या."

आबा कठड्यावरच थांबले होते. मी निरोप सांगितला. त्यांनी तो फौजेच्या रीतीप्रमाणं मला परत म्हणून दाखवला, शब्द न् शब्द, बोटं मोजत. खांबामागं. उंच. मधली पट्टी सरळ. फिरवायचा नाही. "आनि काय?"

"कॉमेंट्री बंद करा म्हणाली."

हे ती म्हणाली नव्हती. गावाच्या वतीनं मी घातलं. तारेचं मात्र मी त्यांच्यापाशी काढलं नाही. त्यांचं त्यांना माहीत असणार.

अंतिम सामना आमच्या मुली आणि सांगलीच्या मुली असा झाला. आबांनी खांबामागं बाकावर बाक चढवले आणि त्यावर कॅमेरा घेऊन उभे राहिले. मी खालीच होते, प्लग माझ्या ताब्यात. पहिल्या पाळीला नेम धरावा तसे श्वास रोखून उभे. आमच्या कप्तानानं खांबाशी सूर मारून सांगलीची पळणारी टिपली, आणि ते केबलवर अख्खं, डोक्यापासून टाचेपर्यंत दिसलं. कमलवहिनींनी दुसऱ्या दिवशी मला हात नाचवून सांगितलं.

पण दुसऱ्या पाळीत मला बाजारगल्लीवर लाल दिसलं. "आबा, लाल."

"असू द्या."

"दोन झाली. तिसरंही लागलं. जाता का? मी धरते कॅमेरा."

"न्हाई." त्यांच्या कानामागून घाम ओघळत होता, एक पाय बाकावर आपोआप थडथडत होता. "मी हाललो तर चित्र हालंल, वैनी."

पुढं चार झाली, सहा झाली. तो माणूस जागचा हलला नाही. बाजारगल्लीतली अकरा घरं पुढच्या महिन्यात दुसऱ्या केबलवाल्याकडं गेली, हे मी इथंच सांगून टाकते. सामनाही आम्ही एका गुणानं हरलो.

शेवटची शिट्टी झाल्यावर आबा खाली उतरले. मी त्यांना ओढ्यापलीकडं बोट दाखवलं. मळ्यातल्या घराच्या पत्र्यावर एक पांढरं लुगडं पसरलं होतं, वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून.

आबांनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितलं. "वाळत घातलं आसंल," म्हणाले.

"असेल," मी म्हटलं. त्या घरातलं धुणं अंगणातल्या दोरीवर वाळतं आणि एक वाजायच्या आधी घरात जातं, हे मी दर शनिवारी बघते. तेव्हा साडेचार वाजून गेले होते.

शिपायानं चहा आणला. आबा बाकावर बसले, तोंड ओढ्याकडं करून, आणि कप तळापर्यंत प्यायले. मग तो त्यांनी स्वतः विसळून माझ्या हातात दिला.